विळ्या-भोपळ्याचे सख्य

मराठी भाषेने भोपळ्यावर जेवढा अन्याय केला आहे, तेवढा दुसऱ्या कुठल्याही भाजीवर केला नसेल. परीक्षेत काही लिहिता आले नाही तर भोपळा मिळतो. गैरसमज दूर झाला तर भ्रमाचा भोपळा फुटतो. लहानसे काही देऊन मोठे घबाड उपटायचे असेल तर आवळा देऊन कोहळा काढायचा. आणि दोन माणसांचे एकमेकांशी अजिबात पटत नसेल तर त्यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य. एका म्हातारीला लेकीच्या घरून जंगलातून सुखरूप परत आणण्याची कामगिरी तेवढी भोपळ्याच्या सेवापुस्तिकेत चांगली म्हणून नोंदलेली आहे. पण तीही बालवाङ्मयात, म्हणजे बढतीच्या वेळी कुणी विचारात घेणार नाही अशा जागी.

यातले विळ्या-भोपळ्याचे सख्य मला कधीच पटलेले नाही. वैर म्हटले की दोन्ही बाजूंनी काहीतरी हालचाल हवी. इथे विळी आपल्या पाटावर ताठ बसलेली असते आणि भोपळाच बिचारा उचलून तिच्यावर नेला जातो. भोपळ्याने विळीला काही केल्याचे एकही उदाहरण नाही. याला दोघांचे वैर म्हणणे म्हणजे सावकार आणि कुळ यांच्यात 'काही मतभेद' होते असे म्हणण्यासारखे आहे.

अलीकडे या विळीच्या जागी एक पातळ, वाकडा, दातांच्या डॉक्टरकडे शोभेल असा चाकू आला आहे, आणि त्याने प्रश्न आणखी अवघड करून ठेवला आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, लग्नातल्या पंगती उठून उभ्याचे जेवण आल्याला आता बरीच वर्षे झाली. पंगतीत कोहळ्याची बाकरभाजी असायची. खसखस-खोबऱ्याचे वाटण लावलेली, जरा गोडसर, आणि वाढपी पुढे गेला तरी मागे वळून बघायला लावणारी. (लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळंच म्हणतात, गंगाफळही म्हणतात. पुण्याच्या पाहुण्याला 'कोहळ्याची भाजी केली आहे' म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे पेठा येतो आणि तो उगाच हळवा होतो.) आता तेच कोहळे सॅलडच्या टेबलावर मधोमध बसलेले असते, पण ते खायचे नसते. त्याचा मोर झालेला असतो. शेजारी टरबुजाच्या पोटावर नवरा-नवरीची नावे, गाजराची फुले, मुळ्याचा बगळा. मागच्या वैशाखात एका लग्नात एक आजोबा ताट हातात धरून त्या मोरापुढे बराच वेळ उभे होते. शेवटी त्यांनी टेबलामागच्या पोऱ्याला विचारले, "हा वाढत नाही का, बाप्पा?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न घुसला आहे. खायच्या वस्तूवर नक्षी कोरणे हे पाप की पुण्य? भोपळा चिरला तर आपण काहीच म्हणत नाही. कोरला की निम्मी माणसे 'वा!' म्हणतात आणि निम्मी 'अन्नाची नासाडी' म्हणतात. चिरणे आणि कोरणे यात नेमका काय फरक आहे? चिरणारा भोपळ्याकडे पाहतसुद्धा नाही, तो दूरचित्रवाणीकडे पाहत असतो. कोरणारा तीन-तीन तास त्याच्याकडे टक लावून बसतो. भोपळ्याच्या जागी मी असतो तर कुणाच्या हाती पडणे पसंत केले असते, हे मला ठरवता येत नाही. बहुधा तिसऱ्याच कुणाच्या.

बरे, चिरणेही वाटते तितके निष्पाप नाही. अख्खा कोहळा घरातल्या बाईने चिरायचा नाही, आधी पुरुषाने त्यावर सुरी चालवायची, ही रीत तुमच्याकडेही असेल. आमच्याकडे आहे. रविवारी सकाळी मी वर्तमानपत्र वाचत असताना आतून हाक येते, "अहो, जरा इकडे या, कोहळं आहे." मी जातो, सुरीने एक चीर पाडतो आणि परत येतो. पुढचे सोलणे, फोडी करणे, बिया काढणे, फोडणी घालणे हे सगळे सौभाग्यवती करते. माझ्या पुरुषार्थाचा घरात एवढाच वापर उरला आहे, तेव्हा मी त्याबद्दल तक्रार करत नाही. पण ही पद्धत मला ओळखीची वाटते. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. सगळे काम एकाने करायचे आणि दुसऱ्याने एक बटण दाबून ते मंजूर करायचे. चूक निघाली तर दोघेही अडकतात. घरी मात्र तसे नाही. पहिल्या चिरेबरोबर कोहळ्याच्या हत्येचे सगळे पाप माझ्या खात्यावर जमा होते आणि भाजी चांगली झाल्याचे श्रेय तिच्या खात्यावर.

हत्या हा शब्द मी गमतीने वापरलेला नाही. कोहळ्याच्या मागे बळीचा इतिहास आहे. देवीला पशूचा बळी द्यायचा नसेल तर कोहळा चालतो, ऊस चालतो, अशी सोय 'कालिकापुराणा'ने पूर्वीच करून ठेवली आहे. म्हणजे बोकडाचे ओझे कोहळ्याने उचलले. बोकडाच्या दृष्टीने ही थोर अहिंसा. कोहळ्याचे मत कुणी विचारले नाही. पण गंमत अशी की एकदा त्याला बोकडाच्या जागी उभे केल्यावर आपल्याला तो बोकडच वाटू लागला. नुसती भाजी असती तर बायकांनी चिरायला काय हरकत होती? दुधी त्या रोज चिरतात. उभा जन्म नवऱ्याचा राग त्या दुधीवरच काढतात. कोहळ्यालाच तेवढा जीव आहे असे आपण मानले, कारण आपण त्याला मारायला घेतले. आधी जीव नसलेली वस्तू म्हणून निवडली आणि मग तिच्यात जीव घालून स्वतःच दचकलो.

आणि बाईने कोहळ्याला हात लावायचा नाही म्हणावे, तर कोल्हापूरला काय होते पाहा. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीला जाते. तिथे कोहळा फोडण्याचा विधी होतो, तो एका लहान कुमारिकेच्या हस्ते. त्रिशुळाचा घाव बसला की त्या कोहळ्याच्या फोडीसाठी अशी झुंबड उडते की महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या दारात उडणार नाही. म्हणजे देवीच्या दारात मुलीने फोडला तर प्रसाद आणि ओट्यावर तिच्या आईने चिरला तर पाप. आपल्या रीतिरिवाजांत अशी दोन पुस्तके नेहमीच असतात, एक दाखवायचे आणि एक चालवायचे. हिशेब तपासनीसांना ही गोष्ट नवी नाही.

माझा एक चुलतभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याने ऑक्टोबरच्या अखेरीस फोनवर एक फोटो पाठवला. दारात पायरीवर भोपळा, त्याला कोरलेले डोळे, करवतीसारखे दात आणि पोटात दिवा. शेजारी त्याची दोन्ही मुले आनंदाने उभी. माझ्या आईने चष्मा लावून तो फोटो पाहिला आणि विचारले, "कुणाची दृष्ट काढली?" आम्ही हसलो, पण म्हातारीचा नेम बरोबर लागला होता. ही चाल मूळची आयर्लंडची. तिथले लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, भुताखेतांनी घाबरून पळून जावे म्हणून. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक अमेरिकेला गेले, तिथे त्यांना सलगमापेक्षा मोठा, मऊ आणि कोरायला सोपा असा लाल भोपळा मिळाला. आपल्याकडे दुकानाच्या दाराला शिंक्यात कोहळा टांगतात तो याच कामासाठी. दक्षिणेकडे तर त्याच्यावर मिशाळ राक्षसाचे तोंडही रंगवतात. साता समुद्रांपलीकडे दोन माणसांनी एकमेकांना न विचारता ठरवले की दारावर राखण करायची तर भोपळ्यासारखा गुरखा नाही. शिवाय लाल भोपळा मूळचा अमेरिकेचाच. पोर्तुगीज आपल्याकडे आल्यानंतर तो आला. तेव्हा 'आपल्या संस्कृतीत कोहळ्याची भाजी' वगैरे बोलताना जरा आवाज खाली ठेवावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण तो माझ्यापुढे एकदा चक्क अर्जाच्या रूपाने आला.

आमच्या शाखेत एक पोरगा मुद्रा कर्जासाठी आला. 2015 साली ही योजना निघाल्यापासून पिठाची गिरणी, शेळ्या, ब्यूटी पार्लर, झेरॉक्स असे बरेच धंदे आमच्या नजरेखालून गेले आहेत. याने 'व्यवसायाचे स्वरूप' या रकान्यात लिहिले होते, 'कार्व्हिंग'. आमच्या साहेबांनी विचारले, "म्हणजे सुतारकाम का?"

"नाई सायब. कोहळं. टरबूज बी."

साहेबांनी पेन खाली ठेवले. पोरगा नाशिकला एका हॉटेलात दोन वर्षे राहून हे शिकून आला होता. त्याला चाकूंचा संच, एक मोठी बर्फाची पेटी आणि जुनी मोटारसायकल घ्यायची होती. साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला, तो नियमाला धरून होता. "तयार माल किती दिवस टिकतो?"

"दोन दिवस. पानी मारत राह्यलं त तीन."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. घसारा म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. यंत्रावर दरवर्षी अमुक टक्के, फर्निचरवर तमुक टक्के. पण ज्या मालमत्तेची किंमत सोमवारी हजार रुपये असते आणि गुरुवारी म्हैस ती फुकट खाते, तिचा घसारा कुठल्या रकान्यात मांडायचा, हे आम्हाला कॉलेजात शिकवलेले नव्हते.

त्याच दिवशी त्याचे वडील पीककर्जाचे नवे-जुने करायला आले होते. एकाच घरातली दोन माणसे एकाच बाकावर, मध्ये तिसरा माणूस बसेल एवढी जागा सोडून बसली होती. एकमेकांशी बोलत नव्हती. मी वडिलांची सही घेताना सहज म्हटले, "काका, पोराच्या हातात कला आहे हो." काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सायब, तुमी हिशेबाचे मानसं. मले एक सांगा. हे कोहळं म्या पिकोलं. चार मईने पानी देलं, रात-रात जागून रानडुकराईपासून राखलं. बजारात नेलं त साठ रुपये भेटले. यानं तेच कोहळं घेतलं, त्याले भोकं पाडले, त हजार रुपये भेटले. मंग म्या चार मईने काय केलं?"

माझ्या तोंडाशी 'मूल्यवर्धन' हा शब्द आला होता. सरकारी परिपत्रकांत तो फार छान दिसतो. त्या माणसाच्या तोंडावर तो मला टाकवेना.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ॲडम स्मिथचे पाणी आणि हिरा असतात. पाण्यावाचून माणूस मरतो तरी पाणी स्वस्त, हिऱ्यावाचून कुणाचे अडत नाही तरी हिरा महाग, हे कोडे त्याने 1776 साली लिहून ठेवले. पुढच्या पंडितांनी ते सोडवलेही. पाणी पुष्कळ आहे, हिरे थोडे आहेत, शेवटच्या पेल्याची उपयोगिता, वगैरे वगैरे. मी त्यावर चांगले गुण मिळवले होते. पण तो हिशेब हिऱ्याचा आणि पाण्याचा झाला. इथे कोहळे एकच आहे. सकाळचे कोहळे आणि संध्याकाळचे कोहळे. मधल्या तीन तासांनी चार महिन्यांना सोळा-सतरा पटींनी हरवले. आणि हरवणारा पोटचा पोरगा.

तेव्हा काकांची तक्रार वरवर नासाडीची असली तरी खरी ती नव्हे. नासाडीचे त्यांना काय सांगायचे! भाव पडला की टोमॅटोचे क्रेटच्या क्रेट रस्त्याच्या कडेला ओतले जातात, कांदा चाळीत सडतो, गुरांपुढे कोबी टाकतात. त्याला कुणी अन्नाचा अपमान म्हणत नाही, बाजारभाव म्हणतात. लग्नाच्या मांडवामागे ताटांतले उष्टे टोपल्याच्या टोपल्या भरून जाते. तिथे 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणणारे मोरापुढे मात्र तत्त्वज्ञ होतात. शिवाय तो पोरगा सांगत होता की कोरताना निघालेला गर तो टाकत नाही. आचाऱ्याला देतो आणि त्याची भाजी होते. म्हणजे त्या आजोबांना मोर वाढला गेला नसला तरी मोराचे पोट त्यांच्या ताटात येऊन गेले असणार.

आणि खाण्याच्या वस्तूवर कलाकुसर करणे हे आपल्याकडे परवा आलेले नाही. थायलंडात ही विद्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढली. आपल्याकडे ती माजघरात वाढली म्हणून तिचे नाव झाले नाही, एवढाच फरक. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला टरबुजाचे कमळ कोण कापत होते? आपल्या आज्याच. करंजीला मुरड घालणे, कातण्याने कडेला दाते पाडणे, संक्रांतीला हलव्याचे दागिने, आणि लग्नातले रुखवत! कुठल्याही रुखवताच्या टेबलावर जे बंगले, पाळणे आणि तुळशीवृंदावने खाद्यपदार्थांची बनून बसलेली असतात, ती पाहून कुणी कधी 'पाप' म्हटलेले मी ऐकले नाही. विहीणबाई फार तर 'लाडू बारीक आहेत' म्हणतात. पण रुखवताला दर नव्हता. मुलीच्या मावश्या-आत्यांनी रात्री जागून ते केलेले असे, आणि त्या जागरणाचे बिल कुणी कुणाला दिले नाही. दिले असते तर अर्धी लग्ने मोडली असती. आज त्याच कामाला दर लागला, पावती आली, आणि लगेच आपल्याला नीतिमत्ता आठवली. बायकांनी फुकट केले तोवर ती हौस होती.

काकांना मी हे सांगितले नाही. त्यांना मी मिरजेची गोष्ट सांगितली. तीही का सांगितली ते मला ठाऊक नाही, बहुधा मधली रिकामी जागा भरायला. मिरजेला तंबोरे आणि सतारी होतात. त्यांचा भोपळा निराळा, कडू, न खाण्याचा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या खोऱ्यात पिकतो. तो वाळवायचा, भिजवायचा, तोंड कापून आतले सगळे कोरून काढायचे, मग त्याला लाकडाचा गळा जोडायचा. सांध्यावर कोरीव पाने बसवतात. पूर्वी त्या नक्षीत हस्तिदंत असे, बंदी आल्यापासून प्लॅस्टिक असते. ही कला उभी केली ती फरीदसाहेबांनी, एकोणिसाव्या शतकात, पटवर्धनांच्या संस्थानात. आणि हे फरीदसाहेब कोण? शिकलगार. तलवारींना धार लावणारे घराणे. लढाया संपल्या, तलवारी भिंतीवर गेल्या, धार लावायला कुणी येईना, तेव्हा त्या हातांनी भोपळा घेतला. पुढे त्यांच्या वंशाला सतारमेकर हेच आडनाव पडले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पात्याचा आणि भोपळ्याचा असा संसार दीडशे वर्षांवर चालला असताना आपण मराठी माणसे अजून विळ्या-भोपळ्याचे वैर उगाळत बसलो आहोत. गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरात तर वाळलेल्या तुंब्यावर तापलेल्या लोखंडाने नक्षी जाळतात आणि त्याचे दिवे करतात. ते तुंबे पुष्कळ वर्षे टिकतात.

"ते टिकते ना पन," काका म्हणाले. "याचं टिकत नाई."

हा मुद्दा बिनतोड होता. त्यावर विचार करायला मी पुढे सुटीत मुद्दाम लोणारला जाऊन आलो, असे म्हटले तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. सौभाग्यवतीच्या माहेरचे पाहुणे आले होते आणि त्यांना विवर दाखवायचे होते. लोणारचे विवर म्हणजे आकाशाने एका घावात केलेले कोरीवकाम, त्याचे सोडा. पण गावातले दैत्यसूदनाचे मंदिर पाहावे. चालुक्यांच्या काळातले, भिंतीचा वीतभर भागही नक्षीवाचून मोकळा सोडलेला नाही. कित्येक मूर्तींची नाके गेली आहेत, बोटे गेली आहेत, चेहरे उन्हापावसाने पुसट झाले आहेत. पाहुण्यांतले एक जण म्हणाले, "टिकवायला हवे होते हो." मी तिथे उभा राहून हिशेब केला. त्या कारागिराचा दगड शेकडो वर्षे टिकला आणि आमच्या पोराचे कोहळे तीन दिवस टिकते. फरक पुष्कळ आहे, पण तो दराचा आहे, जातीचा नाही. घसारा दोघांनाही लागू आहे, एकाला सरळ रेषेने आणि एकाला घटत्या शिलकीने. आणि त्या कारागिराला त्या काळी किती दाम मिळाले, दगड फोडून गाडीत घालून आणणाऱ्याला किती मिळाले, आणि त्या दोघांचे एकमेकांशी बोलणे होते की नव्हते, हे कुठल्याच शिलालेखात लिहिलेले नाही. माझ्या प्रश्नाला त्याचाच उपयोग होता.

कर्ज मंजूर झाले. साहेबांनी 'कार्व्हिंग' खोडून 'खाद्य सजावट सेवा' असे लिहिले, म्हणजे ते संगणकाच्या यादीत बसले. काकांचेही पीककर्ज नवे-जुने झाले. दोघेही आपापली कागदे घेऊन वेगवेगळ्या वेळी बाहेर पडले.

पोरगा हप्ते वेळेवर भरतो. लग्नसराईत आगाऊही भरतो. दसऱ्यानंतर एकदा खिडकीशी आला, नोटा सरकवल्या आणि जरा रेंगाळला. मी म्हटले, "काय रे?"

"काई नाई सायब. नवरात्रात आईनं बोंडं कराले कोहळं आनलं होतं. पयली चीर दरसाल बाबाच टाकतेत. औंदा म्हनले, मनगट दुखते, तू टाक."

"मग?"

"मंग म्हनले, साधी टाक. फुलं काढत बसू नको."

"टाकलीस?"

"टाकली. पन थोडी वाकडी गेली. त बाबा म्हनले, हजार रुपये घेते अन् सरळ चीर टाकता येत नाई."

मी पावतीवर शिक्का मारून दिला. बोंडे कशी झाली होती विचारले, तर चांगली झाली होती म्हणाला.